घरात विमा किती लाखांचा हवा? किराणा वहीतूनच निघतो हिशोब

वळसंग (ता. दक्षिण सोलापूर) : घरातला कमावता माणूस अचानक गेला, तर पहिले दहा-बारा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. तेरावं झालं की पाहुणे आपापल्या गावी जातात आणि दारात दुसरी माणसं यायला लागतात. सोसायटीचं कर्ज, खताच्या दुकानाची उधारी, सोनंतारण, बचत गटाचा हप्ता, हातउसने. त्या वेळी घरातली बाई एकच गोष्ट विचारते, "मालकांनी विमा काढला होता का?"

काढलेला असतो बऱ्याचदा. कुणाचा बँकेतला २ लाखांचा, कुणाचा नात्यातल्या एजंटकडून घेतलेला लाखभराचा. पण त्या पैशात घर किती दिवस चालेल, हा हिशोब विमा काढताना केलेला नसतो. विमा घेताना आपल्याकडं विचारलं जातं ते एवढंच, "मुदत संपल्यावर परत किती मिळणार?" खरा प्रश्न वेगळा आहे. "आपण नसलो, तर घर किती वर्षं चाललं पाहिजे आणि त्याला किती पैसा लागेल?"

हा हिशोब अवघड नाही. त्याला कॉम्प्युटर लागत नाही. किराणा दुकानाची वही, कर्जाची पासबुकं आणि एक कोरा कागद एवढ्यावर तो होतो. तो कसा करायचा, याची ही सविस्तर माहिती.

"पगाराच्या दहा पट" हा नियम शेतकऱ्याला का लागू पडत नाही?

विम्याबाबत एक ठोकताळा सगळीकडं सांगितला जातो. वर्षाच्या उत्पन्नाच्या दहा पट विमा घ्या. हा नियम पगारदार माणसासाठी ठीक आहे. त्याचा पगार दर महिन्याला ठरलेला असतो.

शेतकऱ्याचं तसं नसतं. कांद्याला भाव लागला तर एका वर्षी खर्च जाऊन २ लाख हातात राहतात. पुढच्या वर्षी सोलापूर बाजार समितीतल्या पट्टीवर गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा होऊन काहीच उरत नाही. तूर कधी साधते, कधी जळते. उसाचं बिल लांबतं. चांगलं वर्ष धरलं तर विमा २० लाखांचा निघतो. वाईट वर्षी ६० हजार उरले, तर तोच विमा ६ लाखांवर येतो. कोणतं वर्ष धरायचं?

म्हणून शेतकरी, शेतमजूर आणि रोजंदारीवर काम करणाऱ्यांनी उत्पन्नावरून हिशोब करू नये, खर्चावरून करावा. उत्पन्न वरखाली होतं, पण घरखर्च फारसा खाली येत नाही. दुष्काळातही पोरांची शाळा असते आणि आईची बीपीची गोळी लागते.

विमा मुळात गावासाठी सुरूच झाला नव्हता, हेही लक्षात ठेवावं. पोस्टाचा विमा १ फेब्रुवारी १८८४ ला सुरू झाला तो पोस्टातल्या नोकरांसाठी. तोच विमा ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण माणसाला मिळायला २४ मार्च १९९५ उजाडलं. मधे १११ वर्षं गेली. त्यामुळं विम्याचे ठोकताळे पगारदारांचे आहेत, यात नवल नाही. आपला हिशोब आपल्याला मांडावा लागतो.

एक उदाहरण धरू

खालचं कुटुंब आणि त्याचे आकडे फक्त हिशोब समजण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या घरचे आकडे त्या जागी घालावेत.

समजा, वळसंग शिवारातलं एक घर आहे. कर्ता माणूस ३६ वर्षांचा, बायको ३२ वर्षांची. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. घरात ६२ वर्षांची आई. शेती ४ एकर, त्यातली ३ एकर कोरडवाहू आणि एक एकर विहिरीवर. दोन म्हशी. शेतीचं काम नसलं की कर्ता सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रोजंदारीवर जातो.

पायरी पहिली : महिन्याचा घरखर्च

ज्वारी, तूर घरची आहे असं धरून बाकीचा खर्च असा :

- किराणा, तेल, भाजीपाला : ५,५०० रुपये
- शाळा, वह्या, क्लास, एसटीचं भाडं : २,५०० रुपये
- औषधपाणी : १,५०० रुपये
- वीज, गॅस, मोबाईल : १,५०० रुपये
- पेट्रोल आणि गाडी : २,००० रुपये
- कपडे, सण, आहेर, पाहुणे : २,००० रुपये

एकूण १५,००० रुपये. कपडे, सण, आहेर हे दर महिन्याला येत नाहीत. म्हणून वर्षाचा खर्च काढून त्याला १२ ने भागायचं.

आता यातून कर्त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा. त्याचं पेट्रोल, चहापाणी, मोबाईल मिळून २,५०० रुपये धरू. उरले १२,५०० रुपये. म्हणजे वर्षाला दीड लाख.

इथंच एक गोष्ट लक्षात येते. २ लाखांच्या विम्याला १२,५०० ने भागलं तर १६ येतात. म्हणजे २ लाख रुपयांत हे घर फक्त १६ महिने चालतं. तेही एकाही देणेकऱ्याला रुपया न देता.

पायरी दुसरी : कर्ता नसताना घरात काय येईल?

हा आकडा धरताना हात आखडता ठेवावा. "भाऊ बघतील, सासरे बघतील" हे हिशोबात धरू नये. भावालाही त्याचा संसार असतो.

उदाहरणातली ४ एकर जमीन खंडानं दिली तर वर्षाला ४२,००० रुपये येतात असं धरू. म्हशीच्या दुधातून पेंड-चारा जाऊन वर्षाला ३६,००० रुपये राहतात. एकूण ७८,००० रुपये.

बायको मजुरीला जाईल, हे पहिल्या हिशोबात धरू नये. घर, दोन पोरं, म्हातारी सासू आणि दोन म्हशी सांभाळून ती रोज दुसऱ्याच्या बांधावर जाईल असं आधीच गृहीत धरणं योग्य नाही.

खर्च दीड लाख, येणं ७८ हजार. वर्षाची तूट ७२,००० रुपये. म्हणजे महिन्याला ६,०००.

पायरी तिसरी : किती वर्षं?

सगळ्यात लहान मूल स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत. मुलगा ७ वर्षांचा आहे. २२ व्या वर्षी तो कमवायला लागेल असं धरलं, तर १५ वर्षं.

७२,००० गुणिले १५ म्हणजे १०,८०,००० रुपये.

इथं कुणी म्हणेल, महागाईचं काय? महागाई वाढेल, पण मिळालेला पैसा बँकेत किंवा पोस्टात ठेवला तर त्यावर व्याजही येईल. साध्या हिशोबात व्याज आणि महागाई एकमेकांना खातात असं धरून सरळ गुणाकार करावा. थोडा मागंपुढं होईल, पण दिशा चुकत नाही.

पायरी चौथी : मोठे खर्च

- दोन्ही मुलांचं बारावीनंतरचं शिक्षण : ४ लाख
- लग्नकार्य : ३ लाख
- दवाखान्याचं राहिलेलं बिल, दिवसकार्य आणि पहिले काही महिने : १ लाख

एकूण ८ लाख. लग्नाचा आकडा फुगवून शिक्षणाचा कमी करू नये. मुलगी शिकून कमावती झाली तर विम्याच्या पैशाचं चीज होतं.

पायरी पाचवी : सगळं कर्ज कागदावर

ही पायरी अनेक जण गाळतात. घरातल्या बाईला सोसायटीचं कर्ज माहीत असतं, पण हातउसने माहीत नसतात. सगळं लिहायचं :

- सोसायटीचं पीककर्ज : १,६०,०००
- पाइपलाइन आणि मोटारीचं कर्ज : १,४०,०००
- सोनंतारण : ६०,०००
- बायकोच्या नावावरचं गटाचं कर्ज : ४०,०००
- हातउसने : ५०,०००

एकूण साडेचार लाख.

"माणूस गेला की कर्ज माफ होतं" हा मोठा गैरसमज आहे. कर्ज आपोआप माफ होत नाही. वारसांना जी मालमत्ता मिळते, त्या मालमत्तेच्या मर्यादेत ते कर्ज त्यांच्याकडून वसूल होऊ शकतं. स्वतःच्या खिशातून त्याहून जास्त द्यायला वारस बांधील नसतात, पण शेतकऱ्याच्या घरात वारसाला मिळते ती जमीनच. आणि ज्यानं जामीन म्हणून सही केली आहे, त्याच्यामागंही वसुली लागते.

ट्रॅक्टर किंवा घराचं कर्ज घेताना बँकेनं त्यावर विमा उतरवला आहे का, हे विचारून घ्यावं. असेल तर ते कर्ज त्या विम्यातून फिटू शकतं. पण तो पैसा बँकेकडं जातो, घरात येत नाही. तेवढं कर्ज आपल्या यादीतून कमी करावं. घरखर्चाला तो धरू नये.

पायरी सहावी : हाताशी काय आहे?

लागणारा पैसा : १०.८० लाख + ८ लाख + ४.५० लाख = २३.३० लाख रुपये.

यातून वजा करायचं :

- बँकेतली शिल्लक : ४०,०००
- बँकेतून काढलेला २ लाखांचा जीवन ज्योती विमा : २,००,०००
- जुनी पॉलिसी : १,००,०००

एकूण ३.४० लाख. उरले १९.९० लाख. म्हणजे या घराला अजून साधारण २० लाखांचा विमा हवा.

"जमीन आहे की!" असं म्हणणाऱ्यांसाठी

जमीन वजाबाकीत धरायची नाही. घर आणि बायकोचं मंगळसूत्रही धरायचं नाही. ते विकायची वेळ येऊ नये, यासाठीच हा सगळा हिशोब आहे.

जमीन ही अडचणीत लगेच हातात येणारी रक्कम नाही. माणूस गेल्यावर सातबाऱ्यावर आई, बायको, मुलगा, मुलगी सगळ्या वारसांची नावं लागतात. ती नोंद व्हायला वेळ जातो. विकायची म्हटलं तर सगळ्यांच्या सह्या लागतात आणि मुलं अज्ञान असली तर गुंता वाढतो. गरजवंताची जमीन म्हटलं की भावही पाडून मागितला जातो. शिवाय जमीन विकली, तर दुसऱ्या पायरीत धरलेले खंडाचे ४२ हजारही गेले.

सरकारी विमा : घ्यावाच, पण पुरेसा समजू नये

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना : ही २०१५ पासून सुरू आहे. वय १८ ते ५० असताना भाग घेता येतो. वर्षाला ४३६ रुपये खात्यातून जातात. मृत्यू कोणत्याही कारणानं झाला तरी २ लाख मिळतात. नव्यानं भाग घेतल्यावर पहिल्या ३० दिवसांत मात्र फक्त अपघाती मृत्यूचा दावा चालतो. चार बँकांत खाती असली तरी विमा एकाच खात्यावर मिळतो.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये. ही फक्त अपघातासाठी आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर १ लाख.

दोन्हीचं वर्ष १ जून ते ३१ मे असं असतं. मे महिन्याच्या शेवटी खात्यात ४५६ रुपये नसतील तर विमा बंद पडतो. पेरणीच्या तोंडावर खातं रिकामं असतं, नेमकं त्याच वेळी हे घडतं. तेवढे पैसे खात्यात ठेवून, जूनमध्ये पासबुक भरून पैसे कापले गेले का ते पाहावं.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना : ही राज्य सरकारची योजना आहे. वय १० ते ७५. खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली, खातेदार नसलेली एक व्यक्ती यांना ती लागू आहे. रस्ता अपघात, सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, पाण्यात बुडणं अशा अपघातात मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं ३० दिवसांच्या आत करायचा असतो. हप्ता भरावा लागत नाही.

पीएफ असलेल्या कामगारांसाठी : एमआयडीसीत किंवा कारखान्यात ज्यांचा पीएफ कापला जातो, त्यांना ईडीएलआय नावाचा विमा आपोआप असतो. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास वारसाला जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. कामगाराच्या पगारातून त्यासाठी वेगळे पैसे जात नाहीत. पीएफमध्ये ई-नॉमिनेशन केलेलं आहे का, एवढं पाहून ठेवावं.

यातली सुरक्षा विमा आणि मुंडे योजना हिशोबात वजा करू नये. त्या फक्त अपघाताच्या आहेत. माणूस हार्ट अटॅकनं, काविळीनं किंवा कॅन्सरनं गेला तर त्यातून काही मिळत नाही.

२० लाखांचा विमा परवडणार कसा?

विम्याचे मुख्य दोन प्रकार लक्षात ठेवावेत.

एक, मुदतीनंतर पैसे परत देणारा. यात हप्त्याचा मोठा भाग बचतीत जातो. २० वर्षांच्या अशा साध्या पॉलिसीत वर्षाला १० हजारांच्या आसपास भरले, तर विमा साधारण २ लाखांचा होतो.

दुसरा, टर्म विमा. यात माणूस मुदतीत गेला तर घराला पूर्ण रक्कम मिळते. जिवंत राहिला तर काही परत मिळत नाही. म्हणूनच हप्ता कमी असतो आणि तेवढ्याच पैशात कित्येक पट मोठा विमा बसतो.

"पैसे फुकट जातात" म्हणून गावात टर्म विमा नको वाटतो. पण मोटारसायकलचा विमा आपण दरवर्षी भरतो आणि अपघात झाला नाही म्हणून हळहळत नाही. टर्म विमा तसाच आहे. बचत वेगळी करावी, विमा वेगळा ठेवावा.

टर्म विम्यात शेतकऱ्याला एक अडचण येते. कंपन्या उत्पन्नाचा पुरावा मागतात. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून बरेच शेतकरी रिटर्न भरत नाहीत. मग पुरावा द्यायचा कुठून? त्यासाठी ऊसबिल, दूधबिल, बाजार समितीच्या पट्टीचे पैसे शक्यतो बँक खात्यावरच घ्यावेत. शेतीचं उत्पन्न दाखवून रिटर्नही भरता येतं. कोणते कागद चालतील हे कंपनीनुसार बदलतं, त्यामुळं दोन-तीन ठिकाणी विचारावं.

'सरल जीवन विमा' ही माहिती गावात फार कमी जणांना आहे. विमा नियामक आयआरडीएआयनं १ जानेवारी २०२१ पासून हा एकसारख्या अटींचा टर्म विमा आणला. वय १८ ते ६५, रक्कम ५ लाखांपासून २५ लाखांपर्यंत, मुदत ५ ते ४० वर्षं. राहण्याचं ठिकाण, धंदा, शिक्षण यावरून माणसाला नाकारायचं नाही, अशी त्यात अट आहे. पहिले ४५ दिवस फक्त अपघाती मृत्यूला संरक्षण असतं. अटी सारख्या असल्या तरी हप्ता कंपनीनुसार वेगळा असतो, म्हणून तुलना करावी.

पोस्टाच्या ग्रामीण डाक जीवन विम्यात जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत विमा घेता येतो. तो मुख्यतः बचतीसह असतो.

वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी लागत नाही. टर्म विम्यावर तो आधी १८ टक्के होता. कुणी आजही "वर जीएसटी द्यावा लागेल" म्हणत असेल तर पावती मागावी.

हिशोब २० लाखांचा निघाला आणि तेवढा हप्ता झेपत नसेल, तर काहीच न घेण्यापेक्षा १० लाखांचा घ्यावा. आधी कर्ज फिटेल एवढा, मग मुलांचं शिक्षण, मग घरखर्च, असा क्रम ठेवावा. कर्ज फिटलं, मुलं मोठी झाली की गरज कमी होत जाते. नवीन कर्ज काढलं की वाढते. म्हणून दर पाडव्याला हा कागद एकदा काढून बघावा.

फॉर्म भरताना खोटं लिहू नका

तंबाखू, मावा, बिडी, दारू, बीपी, शुगर, झालेलं ऑपरेशन. जे आहे ते फॉर्मवर लिहावं. "सगळीकडं नाही म्हणून टिक करा, काही होत नाही" असं कुणी सांगितलं तरी ऐकू नये. हप्ता थोडा वाढेल, पण दावा अडणार नाही.

विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणावरून त्या पॉलिसीवर शंका घेता येत नाही. पण त्या तीन वर्षांच्या आत लपवलेली गोष्ट सापडली, तर दावा नाकारला जाऊ शकतो. हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, तर ही तीन वर्षं तेव्हापासून नव्यानं मोजली जातात.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती वाचून, नको असेल तर परत करता येते. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यावी. हप्ता एजंटच्या हातात रोख न देता कंपनीच्या खात्यावर भरावा आणि पावती घ्यावी. एजंट मेव्हणा असला तरी.

पैसे कुणाला मिळणार?

लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर वारस म्हणून वडिलांचं नाव असतं. लग्न होऊन दहा वर्षं झाली, वडील वारले, तरी ते नाव तसंच राहतं. ते बदलायला एक अर्ज लागतो. आधार, बँक पासबुक आणि पॉलिसी यात नाव सारखं आहे का, हेही पाहावं. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, यात बायकांचे दावे अडकतात.

ज्यांच्यावर कर्ज जास्त आहे, त्यांनी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली विमा घेता येतो का, हे विमा घेतानाच विचारावं. त्यासाठी वेगळा फॉर्म असतो. अशा विम्याच्या पैशावर हक्क बायको-मुलांचा असतो आणि नवऱ्याच्या देणेकऱ्यांना तो घेता येत नाही. विमा घेऊन झाल्यावर ही सोय करता येत नाही.

बायकोचाही विमा

हिशोब फक्त कर्त्या पुरुषाचा करून भागत नाही. धारा काढणं, खुरपणी, स्वयंपाक, पोरांची शाळा, सासूचं औषध हे जी करते, ती गेली तर तेवढ्या कामाला माणूस लावायला किती पैसे लागतील? वरच्या सहा पायऱ्या तिच्यासाठीही कराव्यात. निदान ४३६ आणि २० रुपयांचे दोन्ही विमे तिच्या खात्यावर आजच सुरू करावेत.

दुर्दैवानं वेळ आलीच तर

- मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी आणि दाखल्याच्या जास्तीच्या प्रती घ्याव्यात.
- अपघात, सर्पदंश, विजेचा धक्का असेल तर पोलिसांत खबर द्यावी. पंचनामा आणि शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकला तर अपघाताचा दावा पुराव्याअभावी अडतो.
- ज्या बँकेत खातं आहे तिथं दोन्ही सरकारी विम्यांची चौकशी करावी. घरच्यांना माहीत नसतं, पण खात्यातून पैसे कापलेले असतात.
- दावा नाकारला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करावी. दाद मिळाली नाही तर एक वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडं जाता येतं. तिथं फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. आयआरडीएआयचा मदत क्रमांक १५५२५५ आहे.

पैसे आल्यावर घाई करू नये. पहिले काही महिने कुणाला उसने देऊ नयेत, जास्त व्याजाच्या भूलथापांना बळी पडू नये. जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडावं. घरखर्चाचा पैसा सुरक्षित ठिकाणी ठेवावा. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एका नावावर ९ लाख ठेवता येतात. ७.४ टक्के दर धरला तर महिन्याला ५,५५० रुपये येतात आणि मुद्दल तसंच राहतं. उदाहरणातल्या घराची तूट महिन्याला ६,००० होती, हे आठवून पाहावं.

आज रात्री करायचं काम

जेवणं झाल्यावर नवरा-बायकोनं एकत्र बसावं. वही घ्यावी. घरखर्च, येणं, वर्षं, मोठे खर्च, कर्ज आणि शिल्लक या सहा ओळी लिहाव्यात. हातउसने लपवू नयेत. सगळ्या पॉलिसी, पासबुकं आणि सातबारा एका पिशवीत घालून पेटीत ठेवावेत, त्यांचे फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावेत.

बैल, म्हैस, मोटार, बोअर यांची किंमत आपण तोंडपाठ सांगतो. आपल्यामागं घराला किती लागेल, हा आकडा मात्र बहुतेक घरांत कुणालाच माहीत नसतो. तो निदान घरातल्या दोघांना माहीत असला पाहिजे.